नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगेचे अंग बाहेर आले आहे, उपचार कसा करावा?

गुहागरकर

परसातल्या आमच्या कळपात ऱ्होड आयलंड रेड जातीच्या बारा तलंगा, म्हणजे पहिल्यांदाच अंड्यावर येणाऱ्या तरुण कोंबड्या, आहेत. त्यांचे वय साडेपाच महिन्यांच्या आसपास आहे आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक नुकत्याच अंड्यावर आल्या आहेत. आज सकाळी खुराडे उघडले तेव्हा एक तलंग कोपऱ्यात मान आखडून बसलेली दिसली. तिच्या शेपटीखाली लिंबाएवढा लालभडक, ओलसर गोळा बाहेर आला होता आणि दोन-तीन कोंबड्या त्यावर टोचे मारत होत्या. एका ठिकाणी थोडे रक्तही आले आहे. तिला लगेच वेगळी काढून डालग्याखाली ठेवले आहे. तिनेच काल घातलेले अंडे नेहमीपेक्षा बरेच मोठे होते आणि त्यावर रक्ताचे ओरखडे होते.

पशुवैद्यकीय दवाखाना तालुक्याच्या गावी आहे आणि आज सुटी आहे. तोवर घरी काय करता येईल, आणि काय अजिबात करू नये, हे जाणकारांनी सांगावे. ती पाणी पिते आहे, मात्र खाण्याकडे तिचे लक्ष नाही.

पशुवैद्य_मराठवाडा

सर, वेगळी काढलीत हे सर्वांत महत्त्वाचे काम झाले. अशा कोंबड्या मूळ दुखण्यापेक्षा इतरांच्या टोचण्यानेच अधिक मरतात, कारण लाल ओला भाग दिसला की कळप थांबत नाही आणि पाहता पाहता आतडीही ओढून काढतो.

बाहेर आलेला भाग बहुतेक वेळा अंडनलिकेचा शेवटचा भाग असतो. कोंबडी अंडे घालते तेव्हा हा भाग क्षणभर उलटा होऊन बाहेर येतो, त्यामुळे अंडे विष्ठेच्या मार्गाला न लागता स्वच्छ बाहेर पडते, आणि तो लगेच आपोआप आत जातो. म्हणून अंडे घालताना क्षणभर लाल भाग दिसला तर घाबरण्याचे कारण नसते. तो आत न जाता तसाच राहिला, तर तो सुजतो, सुजल्यामुळे आत जाणे आणखी अवघड होते, आणि हवेने कोरडा पडला की त्याला चिरा जातात.

आता घरी करायचे ते असे. दोन माणसे हवीत. एकाने कोंबडीला टॉवेलमध्ये पंखांसकट सैल गुंडाळून मांडीवर धरावे, मात्र छातीवर दाब देऊ नये. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचे हाड वर-खाली झाले तरच त्यांचा श्वास चालतो, आणि घट्ट धरल्यामुळे दगावलेल्या कोंबड्या मी पाहिल्या आहेत. दुसऱ्याने एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दीड-दोन चमचे, विरघळवून त्या पाण्याने बाहेर आलेला भाग हळूहळू धुवावा. घासू नये, पाणी नुसते ओतावे. माती, पिसे आणि विष्ठा निघून गेली की भाग नीट पाहावा. तो गुलाबी किंवा लाल असेल तर आशा आहे. तो काळपट, निळसर किंवा दुर्गंधी येणारा असेल, अथवा खोल फाटला असेल, तर तो आत ढकलू नये, ओल्या स्वच्छ कापडाने झाकून पशुवैद्याची वाट पाहावी.

त्यानंतर आत अंडे अडकले आहे का ते पाहावे. पातळ हातमोजा घालून, नखे कापून, बोटाला पांढरे व्हॅसलीन लावून अगदी थोडे आत चाचपावे. अंडे लागलेच तर ते आत फोडू नये, कारण कवचाचे तुकडे नलिका चिरतात. अंडे नसेल तर पिठीसाखर थोड्या पाण्यात कालवून तिचा दाट थर बाहेर आलेल्या भागावर दहा मिनिटे ठेवावा. साखर सुजेतले पाणी ओढून घेते आणि गोळा डोळ्यांदेखत लहान होतो. गायी-म्हशींचे मायांग (योनी-गर्भाशयाचा भाग) बाहेर आले तरी आम्ही हेच करतो. साखर धुऊन टाकून पुन्हा व्हॅसलीन लावावे आणि बोटाच्या पेराने गोळ्याच्या मध्यावर, जिथे छिद्र दिसते तिथे, सावकाश आत दाब द्यावा. कडेने ढकलू नये. आत गेल्यावर काही मिनिटे बोट तसेच ठेवावे, म्हणजे कळ थांबेपर्यंत तो भाग आत बसतो.

परसबाग_सावंतवाडी

आमच्याकडे जुनी माणसे हळद आणि तुरटीचे पाणी लावत असत. तुरटीने भाग आकसतो, हे मी स्वतः पाहिले आहे. शिवाय घरात मूळव्याधीचे मलम असेल तर तेही चालते, असे एका गृहस्थांनी सांगितले होते. तज्ज्ञांचे यावर काय मत आहे?

पशुवैद्य_मराठवाडा

तुरटीने आकसतो हे खरे आहे. पण दाट द्रावण आतल्या नाजूक अस्तराची आग करते, आणि आग झाली की कोंबडी कुंथते, म्हणजे जे आत बसवले ते ती स्वतःच पुन्हा बाहेर काढते. साखर किंवा मध हेच काम आग न करता करतो, मग तुरटीचा धोका कशासाठी घ्यावा? हळदीची कोरडी पूड ओल्या अस्तरावर चिकटून बसते आणि धुताना त्रास होतो. बाहेरच्या कातडीवरच्या जखमेसाठी ती ठीक आहे, आतल्या भागासाठी नाही.

मूळव्याधीच्या मलमाबाबत मात्र मी स्पष्टच सांगतो की ते वापरू नये. त्यांतल्या अनेक मलमांत लिग्नोकेन किंवा त्याच्या जातीचे बधिर करणारे औषध असते. पक्षी या औषधांना फार संवेदनशील असतात आणि लहान शरीरात ते ओल्या अस्तरातून भराभर शोषले जाते.

संगमनेरची_ताई

माझ्याकडे दोनशेच्या आसपास कोंबड्या असतात आणि दर नव्या खेपेत एखादी तरी अशी निघते. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेली साखरेची कृती मी करते आणि ती उपयोगी पडते. मात्र गुहागरकर दादा, एक सांगते, रागावू नका. आत बसवणे हे सोपे काम आहे. माझ्याकडच्या बहुतेक कोंबड्यांचा भाग पहिल्या दिवशी नीट आत गेला आणि दुसऱ्या दिवशी अंडे आले की पुन्हा बाहेर आला. त्यामुळे आत ढकलल्यावर काम झाले असे समजून तिला कळपात सोडू नका.

तिला अंधाऱ्या, कोरड्या, शांत जागी ठेवा. खाली भुसा किंवा तांदळाची तुसे नकोत, ती चिकटतात. जुनी सुती चादर घाला आणि ती रोज बदला. पावसाळ्यात असे झाले तर माश्यांकडे फारच लक्ष द्यावे लागते, एका रात्रीत अळ्या पडतात. आता नोव्हेंबर आहे, तेवढी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे.

गुहागरकर

सर्वांचे आभार. साखरेचा थर दिल्यावर सूज खरोखरच उतरली आणि भाग आत गेला. आत अंडे लागले नाही. सायंकाळी विष्ठा टाकताना तो पुन्हा थोडा बाहेर आला, म्हणून परत धुऊन आत बसवला. रंग गुलाबी आहे, टोचलेल्या जागी खपली धरल्यासारखे दिसते. आता प्रश्न असा आहे की तिला खायला काय द्यावे? एका शेजाऱ्यांचे म्हणणे असे की दोन-तीन दिवस उपाशी ठेवले म्हणजे अंडी थांबतात.

लेअर_व्यवस्थापक

मी अंड्यावरच्या कोंबड्यांच्या फार्मवर काम करतो, म्हणून माझे बोलणे थोडे वेगळ्या अंगाने येईल. ताईंनी सांगितलेली गोष्ट या दुखण्याचा गाभा आहे : आजचा गोळा आत बसवणे हा उपचाराचा लहान भाग, आणि उद्याचे अंडे थांबवणे हा मोठा भाग. एक अंडे तयार व्हायला सुमारे चोवीस ते सव्वीस तास लागतात. त्यांतले वीसच्या आसपास तास ते कवच चढण्यासाठी गर्भाशयात, म्हणजे बाहेर आलेल्या भागाच्या अगदी मागे, बसलेले असते. एक अंडे बाहेर पडल्यावर साधारण अर्ध्या तासात पुढचा बलक सुटतो. म्हणजे सुजलेल्या, दुखावलेल्या वाटेवर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच मोठे ओझे येऊन ठेपते. वाट मोकळी राहिल्याशिवाय ती बरी कशी होणार?

उपाशी ठेवून अंडी थांबतात हे खरे असले, तरी जखमी आणि रक्त गेलेल्या तलंगेला पूर्ण उपाशी ठेवणे मला पटत नाही. पहिला दिवस दाणे कमी द्यावेत, म्हणजे विष्ठा कमी होऊन कुंथणे कमी होते. पाणी मात्र सतत समोर असावे आणि त्यात थोडे इलेक्ट्रोलाइट (क्षारांचे मिश्रण) घालावे. त्यानंतर थोडे थोडे, पण नेहमीचे संतुलित खाद्य द्यावे.

अंडी थांबवण्याचे खरे साधन उजेड आहे. कोंबडीला दिवसातून आठ तासांपेक्षा जास्त उजेड मिळू दिला नाही, म्हणजे सायंकाळी लवकर अंधाऱ्या जागेत नेऊन सकाळी उशिरा बाहेर काढले, की अंडाशयाला मिळणारा इशारा थांबतो. मात्र हे एका रात्रीत होत नाही. मोठे झालेले काही बलक आधीच रांगेत असतात, ते संपेपर्यंत आठवडाभर, कधी त्याहूनही अधिक, अंडी येऊ शकतात. त्या काळात तिच्यावर रोज नजर ठेवावी लागते.

आता मला तीन गोष्टी सांगा. खुराड्यात रात्री दिवा असतो का? त्यांना खाद्य कोणते देता? आणि हातात घेतल्यावर तलंगा जड, चरबट लागतात का?

गुहागरकर

रात्री मुंगूस आणि रानमांजर येते, म्हणून खुराड्यात दिवा रात्रभर चालू असतो. आमच्याकडच्या दुकानात लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य, नियमित मिळत नाही, त्यामुळे मांसाच्या कोंबड्यांचे ब्रॉयलर फिनिशर देतो. त्याशिवाय मका आणि घरचा उरलेला भात असतो. तलंगा चांगल्या भरलेल्या आहेत. पोटाखाली हात घातला तर मऊ लागते.

लेअर_व्यवस्थापक

आपण दिलेल्या माहितीत बहुतेक सगळी कारणे एकत्र आलेली दिसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम उजेडाविषयी. आपल्या महाराष्ट्रात वर्षातला सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांच्या आसपास असतो. नोव्हेंबरात दिवस आखूड होत असताना तलंगा सावकाश अंड्यावर येतात, आणि तोवर त्यांचे कंबरेचे हाड, नलिका आणि स्नायू यांना तयार व्हायला वेळ मिळतो. रात्रभर दिवा लावला की शरीराला वाटते दिवस चोवीस तासांचा आहे, आणि अंडाशय शरीराच्या पुढे धावू लागतो. फार्मवर आम्हीही चौदा ते सोळा तास उजेड देतो, पण तो वजन नीट भरल्यावर, टप्प्याटप्प्याने वाढवून. अशा घाईने जागवलेल्या अंडाशयातून कोवळ्या वयात अनेकदा दोन बलक एकदम सुटतात आणि दुबलकी अंडे तयार होते. तलंगेची पहिली अंडी पस्तीस ते पंचेचाळीस ग्रॅमची असावीत, अशी निसर्गाची योजना आहे. तिथे सत्तर ग्रॅमच्या पुढचे अंडे आले तर काय होईल, हे आपण पाहिलेच. काल पडलेले अंडे अजून ठेवले असेल तर फोडून पाहा, माझा अंदाज दोन बलकांचा आहे.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची, आणि ती मला दिव्याहूनही मोठी वाटते. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. लेअर खाद्यात ते साडेतीन ते चार टक्के असते, ब्रॉयलर फिनिशरमध्ये एक टक्क्याहूनही कमी. कोंबडीने दिवसाला एकशे दहा ग्रॅम फिनिशर खाल्ले तर तिला जेमतेम एक ग्रॅम मिळते, आणि तेही सगळे अंगी लागत नाही. भात आणि मका यांनी पोट भरले तर त्याहूनही कमी. उरलेले ती स्वतःच्या हाडांतून काढते. कॅल्शियम फक्त कवचासाठी लागत नाही, अंडे ढकलणारा स्नायू आकसायला आणि बाहेर आलेली नलिका परत ओढून घ्यायलाही तेच लागते. रक्तातले कॅल्शियम घसरले की स्नायू ढिला पडतो. अंडे बाहेर येते, नलिका मात्र परत जात नाही.

तिसरी गोष्ट चरबीची. फिनिशर हे खाद्य ब्रॉयलरला विक्रीआधी भराभर वजन चढावे म्हणून बनवलेले असते. त्यावर मका आणि भात घातला तर द्वाराभोवती (जिथून अंडे आणि विष्ठा बाहेर पडते त्या तोंडाभोवती) आणि पोटात चरबी साठते, वाट अरुंद होते आणि ढकलायला जोर जास्त लागतो.

मुंगसासाठी दिवा नको, जाळी हवी. अर्ध्या इंचाची वेल्डमेश खुराड्याच्या चारही बाजूंना आणि जमिनीत वीतभर खोल घाला. मुंगूस दिव्याला फारसे घाबरतही नाही.

परसबाग_सावंतवाडी

व्यवस्थापक साहेब, लेअर खाद्य मिळत नसेल तर आमच्यासारख्यांनी काय करावे? खाडीकाठी शिंपले मुबलक मिळतात.

लेअर_व्यवस्थापक

तेच उत्तम. शिंपले धुऊन, वाळवून, ज्वारीच्या दाण्याएवढे जाडसर कुटावेत आणि वेगळ्या भांड्यात ठेवावेत. अंड्यावरची कोंबडी तिला हवे तेवढे स्वतः उचलते, विशेषतः संध्याकाळी, कारण कवच रात्री चढते. भरड तुकडे पोटात सावकाश विरघळतात आणि रात्रभर पुरतात, म्हणून अगदी पीठ करू नये. खाद्यात मात्र हे मिसळू नका, कारण अंड्यावर न आलेल्या पिलांना इतके कॅल्शियम दिले तर त्यांचे मूत्रपिंड खराब होतात. आणि सकाळचे ऊन लागू द्या, ड जीवनसत्त्वाशिवाय हे कॅल्शियम अंगी लागत नाही.

लेस्टरवासी

इंग्लंडमध्ये आमच्या बागेत चार कोंबड्या आहेत, म्हणून दिव्याच्या मुद्द्यावर एक भर घालतो. इथे जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांपेक्षाही मोठा होतो. फेब्रुवारीत फुटलेली पिले नेमकी त्याच वाढत्या उजेडात वयात येतात, त्यामुळे दिवा न लावताही हे दुखणे इथे दिसते. इथल्या पशुवैद्यांनी आमच्या एका कोंबडीच्या कातडीखाली अंडी थांबवणारे डेस्लोरेलिनचे रोपण केले होते. ते काही महिने टिकते, पण खर्च एवढा की तेवढ्यात कोंबड्यांचा अख्खा नवा कळप आला असता. कोंबडीला नाव ठेवले की हिशेब असाच बिघडतो.

गुहागरकर

आजची स्थिती लिहितो. कालचे अंडे फोडले, त्यात खरोखरच दोन बलक होते. दिवा बंद केला आहे. आज दवाखान्यात घेऊन गेलो, कारण पहाटे मऊ कवचाचे अंडे पडले आणि भाग पुन्हा बाहेर आला. डॉक्टरांनी तो स्वच्छ करून आत बसवला, भोवती बटव्याच्या नाडीसारखा टाका घातला, कॅल्शियमचे आणि वेदनाशामक इंजेक्शन दिले, आणि प्रतिजैविक पाण्यातून द्यायला सांगितले. टाका असताना अंडे आले तर काय करायचे, हे विचारायचे राहिले. शिवाय तिची अंडी खावीत का?

पशुवैद्य_मराठवाडा

टाका असताना सकाळ-संध्याकाळ पोटाखाली बोटांनी हलके चाचपून पाहा. द्वाराच्या आत कडक गोल काही लागले, ती सारखी कुंथू लागली किंवा शेपटी वर-खाली हलवू लागली, तर त्याच डॉक्टरांना लगेच कळवा. अंडे दाराशी आले असताना टाका तसाच राहिला तर नलिका आतून फाटते. टाका घालताना विष्ठा जाण्यापुरती जागा ठेवतात. तरीही विष्ठा साठते आहे असे वाटले तर कोमट पाण्याने धुवा. टाका स्वतः कापू नका, पण गाडी मिळणे अवघड असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते.

प्रतिजैविक चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या कोंबडीची अंडी खाऊ नका, विकूही नका. अंशतः औषध अंड्यात उतरते, आणि बलक काही दिवस आधीपासून तयार होत असल्याने औषध बंद केल्यावरही ते काही काळ येत राहते. या निमित्ताने सर्वांनाच सांगतो, दुकानातून कोणतीही औषधी पूड आपल्या मनाने आणून पाण्यात घालू नका. कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरण्यास आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे. जुना साठा कोणी देऊ केला तरी तो घेऊ नये.

संगमनेरची_ताई

थोडे कठोर लिहिते. टाका काढल्यावर पुन्हा बाहेर आले, तर तिसऱ्या वेळी तिला त्रास देऊ नका. ज्या कोंबडीला हे एकदा झाले तिला पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते, आणि भाग काळा पडला तर वेदना सोसत तिला जगवण्यात अर्थ नाही. हा निर्णय दयेने आणि वेळेवर घेता यायला हवा. मात्र तुमची तलंग अजून खाते आहे आणि रंगही चांगला आहे, तेव्हा आत्ता त्या टोकाला जाण्याचे कारण मला दिसत नाही.

गुहागरकर

टाका काढला आणि भाग आत राहिला आहे. ती रोज थोडाच वेळ उजेडात असते आणि सध्या अंडे देत नाही. लेअर खाद्याची पोती आम्ही पाच घरांनी मिळून चिपळूणहून मागवली आहेत. आता दोन शंका आहेत. तिला कळपात परत कधी सोडावे? आणि खुडूक कोंबडीखाली बसवायला तिची अंडी पुढे ठेवावीत का?

लेअर_व्यवस्थापक

द्वाराभोवतीची कातडी पूर्ण भरून पिसे येऊ लागली, आणि लाल रंगाचा मागमूसही राहिला नाही, की सोडावे. त्याआधी काही दिवस तिला जाळीच्या आडून इतरांना दिसेल असे ठेवा, नाहीतर नवी समजून तिला पुन्हा टोचतील. सोडताना संध्याकाळी, खुराड्यात बसायच्या वेळी सोडा.

अंडी घालायच्या जागांकडेही याच वेळी पाहा. चार-पाच कोंबड्यांमागे एक तरी पेटी हवी आणि ती अंधारी हवी. अंडे घालताना क्षणभर बाहेर येणारा लाल भाग शेजारणीला दिसला नाही, तर पहिला टोचाच बसत नाही.

अंडी बसवू नका. सगळा दोष दिव्याचा आणि खाद्याचा असेल, असे गृहीत धरता येत नाही. काहींच्या शरीराची ठेवणच नाजूक असते आणि ती पुढच्या पिढीत उतरू शकते. उरलेल्या अकरांतल्या ज्या उशिरा पण नियमित अंड्यावर येतील, कवच जाड देतील, त्यांची बसवा. त्यांना आत्ताच एकदम पोटभर लेअर खाद्य टाकू नका, फिनिशरमध्ये मिसळत आठवडाभरात बदला, आणि भात बंद करा. त्याऐवजी मुठीमुठीने हिरवा पाला, शेवग्याचा असेल तर उत्तम, टाकत जा.